पट्ट्याला मांड

गाडी तळ्याच्या पाळीवरून घसरली आणि खालच्या धानाच्या बांधीत नाक खुपसून उभी राहिली. पुढच्या सीटवर माझी मोठी जाऊ पट्ट्यात लोंबत होती. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. मी मागच्या सीटवरून उडून दोन सीटांच्या मधल्या फटीत येऊन अडकले होते.

"बाई! वो बाई!" मी हाक मारली.

उत्तर नाही.

"मोठी माय, बोल ना!" गाडी चालवणारी माझी मुलगी तिचा हात हलवत होती.

तिलाही उत्तर नाही.

माझी जाऊ झोपेत बोलते. देवापुढे हात जोडून उभी असली तरी मागे वळून बोलते. माझं लग्न झालं त्या दिवशी तिने मला बोलायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही. तिचा नवरा गेला त्या दिवशी ती सकाळी गप्प बसली होती, दुपारी तिरडी चुकीची बांधली म्हणून बोलू लागली. अशी बाई तोंड मिटून लोंबते म्हणजे गेली, असंच मला वाटलं. आणि लागलीच आठवलं की तो पट्टा कालच मी माझ्या हातांनी दुरुस्त केला आहे. बिघडवलाही मीच होता.

आम्ही तिघी एका घरात राहतो. दोघींचे नवरे गेले. मुलगी भंडाऱ्याला एका कचेरीत कामाला आहे. तिने लग्न केलं नाही, त्यावर ज्यांना बोलायचं होतं ते बोलून थकले. आमच्या घरी पूर्वी कोशाच्या रेशमाचं विणकाम होतं. मी चौथी झाले आणि मागावर बसले, लग्नानंतर इथेही मागावरच बसले, जाऊ शेजारच्या मागावर. पुढे माग विकले. गुडघेदुखी तेवढी राहिली.

जाऊची पाठ आधी गेली, मग हाडं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिचे फोटो दिव्यासमोर धरले आणि मुलीला म्हणाले, "ह्यांची हाडं पापडासारखी झाली आहेत. पडू देऊ नका. एक जोराचा धक्का बसला तर ह्या उठायच्या नाहीत." जाऊ समोरच बसली होती. ती म्हणाली, "पापड त पापड. उडदाचा आहे का तांदळाचा?"

तिला दर सोमवारी पाठीला शेक घ्यायला भंडाऱ्याला न्यायचं होतं. एसटीत चढणं तिला जमेना आणि ऑटोत ती आदळायची. म्हणून मुलीने जवाहरनगरच्या क्वार्टरात राहणाऱ्या एका साहेबांकडून जुनी गाडी घेतली. मागे बसलं की जाऊला ओकारी होते, आणि नसती झाली तरी ती पुढेच बसली असती, कारण ती मोठी आहे.

गाडी चांगली होती. पण साहेबांच्या शेजारी बसणारा कोणीतरी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा असावा. पुढच्या सीटच्या पट्ट्यावर तांबडे डाग होते, आणि तेल लागल्यासारखा तो मेणचट झाला होता.

"हा पट्टा आहे का पानठेल्यावरचा फडका?" जाऊ म्हणाली. "माझं लुगडं खराब होते. मी नाई लावत."

लावला नाही तर पापड मोडणार. म्हणून एका सुटीच्या दिवशी मुलगी गावात गेली असताना मी पट्टा पुरता बाहेर ओढला, घमेल्यात साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने घासून काढला. डाग गेले. वीण वर आली. मी नखाने चाचपून पाहिलं, इतकं दाट विणलेलं कापड मी आयुष्यात विणलं नाही. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, हे पुढे मेकॅनिकनेही मान्य केलं.

पण मग मी आत गेले आणि भाताचा मांड घेऊन आले.

धुतलेल्या कापडाला मांड द्यायचा, यात मला विचार करावा लागत नाही. दुसरं कोणी घराबाहेर पडताना कडी लावतं तसं ते आहे. सुताला मांड, लुगड्याला मांड, उशीच्या खोळीलाही मांड. पट्टा जाड, म्हणून मांडही दाट दिला. दोन्ही अंगांनी चोळला, ताणून, चिमटा लावून दाराबाहेर उन्हात वाळवला. वाळल्यावर तो असा कडक आणि चकचकीत झाला की मला बरं वाटलं.

चिमटा काढून सोडला तर तो आत जाईना.

हाताने ढकलला तर वीतभर गेला आणि थांबला. मुलगी आली, तिने दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाली, "साहेबानं फसवलं आपल्याले." तिने तिथेच साहेबांना फोन लावला. ते शपथेवर सांगत होते की गाडी दिली तेव्हा पट्टा सुरळीत होता. मुलीने त्यांना बरंच सुनावलं. मी भाजी निवडत होते. मी खोटं बोलले नाही. मला कोणी विचारलंच नाही.

पुढचे तीन आठवडे असे गेले. जाऊ बसायची, मुलगी पट्टा लावून द्यायची आणि तो जाऊच्या मांडीवर सैल पडून राहायचा. उतरताना तो आत जायचा नाही, मग दारात सापडायचा आणि त्याचं टोक बाहेर लोंबत रस्त्यावर आपटायचं. वरठीला पाळी सुटली की कारखान्यातले लोक मोटारसायकलींवरून जायचे, ते हात करून ओरडायचे, "ताई, पट्टा! पट्टा!" मुलगी गाडी थांबवून दार उघडायची आणि पट्टा कोंबायची. शिवाय मांडाला मुंग्या लागल्या. लाल. त्या जाऊला चावायच्या.

"काहून चावतात वो बाई तुले मुंग्या?" मी मागून विचारायचे.

"गोड आहे मी," जाऊ म्हणायची. "तुले कशा चावतीन?"

मग एके दिवशी वरठीच्या अलीकडे एक सायकलवाला मध्ये आला. मुलीने ब्रेक दाबला. गाडीचा वेग काही नव्हता, तरी जाऊ पट्ट्यासकट पुढे गेली आणि तिचे गुडघे समोर आदळले. कपाळ काचेपासून चार बोटांवर थांबलं. तिला फार लागलं नाही, पण मुलीचा चेहरा उतरला आणि मला डॉक्टरांचे शब्द आठवले. मीच म्हणाले, "मेकॅनिककडे घे गाडी. आताच घे."

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर एक मेकॅनिक आहे. पन्नाशीचा माणूस, बोलण्याची हौस. त्याने पट्टा ओढला, सोडला, पट्टा जिथल्या तिथे. मग त्याने तो मधोमध दुमडला. कट असा आवाज झाला आणि पांढरी पापडी उडाली. त्याने पट्टा नाकाजवळ नेला.

"ताई, काय लावलं ह्याले?"

"काही नाई," मुलगी म्हणाली. "आमी त हातबी नाई लावला."

"तांदळाचा वास येऊन राहिला."

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जाऊ एरवी मान वळवत नाही, दुखते म्हणून. ती सगळी अंगासकट वळली.

"मांड आहे," मी म्हणाले. "मी लावला."

"कायले?"

"धुतला म्हणून."

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "काकू, वीस वर्षं झाले मले ह्या धंद्यात. उंदरानं खाल्लेला पट्टा पाहिला, बिडीनं जळलेला पाहिला. एकानं त गाठ मारून आणला होता. मांड दिलेला आजच पाहिला. इस्त्री तेवढी राहिली."

"करणारच होती. वायर पुरली नाई."

"तीन हप्ते!" जाऊ म्हणाली. "तीन हप्ते हिनं मले मुंग्या चाववल्या, अन् वरून इचारते कशी, काहून चावतात वो बाई!"

"अन् मी त्या साहेबाले काय काय बोलली!" मुलगी म्हणाली.

"फोन कर, माफी माग," मी म्हणाले.

"मी कायले मागू? तू माग!"

मी मागितली. तिथेच, मेकॅनिकच्या दुकानात उभं राहून. साहेब इतके हसले की त्यांच्या घरातलं कोणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं.

मेकॅनिकने मग नीट समजावलं. गाडीच्या दाराशेजारच्या खांबात एक डबा असतो, त्यात स्प्रिंग असते आणि पट्टा तिच्या जोरावर रुळावर गुंडाळला जातो. तो जोर थोडाच असतो. पट्टा मऊ आणि सपाट असेल तरच ती त्याला ओढू शकते. "पट्टा अंगाले चिकटून पाहिजे, काकू. हा वीतभर ढिला आहे. धक्का बसला का आजी आधी काचेवर जाईन, मंग पट्टा लागन. मंग लागून काय उपयोग?"

"मले आजी अन् हिले काकू काहून?" जाऊने विचारलं. "चारच वर्षांचा फरक आहे."

मला तो रूळ चांगला कळला. मागावर विणलेलं कापड असंच रुळावर गुंडाळत जातं. मांड दाट झाला की कापड ताठ होतं आणि रूळ अडतो, हे मी नव्या सुनांना शिकवलेलं आहे. ते मला गाडीत बसून आठवलं नाही. गाडी म्हणजे लोखंड, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मेकॅनिक म्हणाला, नवा पट्टा डब्यासकट नागपूरहून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस जातील. जाऊ म्हणाली, पाठ तिची दुखते, नागपूरची नाही, ती सोमवारी जाणार. मग तो म्हणाला, "त मांड धुऊन काढून पाहा. पट्टा आपल्या आपण आत गेला, अंगाले चिकटला, अन् झटका दिल्यावर अडकला, त चालते. तिन्हीतलं एकबी नाई झालं, त आजीले पुढे बसवू नका. अन् डबा कोणी उघडू नका. स्प्रिंग उडते. काही गाड्यांत आत बारूदबी असते."

"बारूद!" जाऊ ओरडली. "माझ्या कमरेले बारूद बांधून फिरवून राहिल्या तुमी मले!"

"थोडं तेल सोडू का त्या फटीत?" मी विचारलं.

"काकू," मेकॅनिकने हात जोडले, "तुमी काहीच सोडू नका. निव्वळ पाणी."

रविवारी सकाळी मी बसले. मुलगी म्हणाली, मी करते. मी म्हणाले, मांड तुझा नाही. जाऊने अंगणात दारासमोर खाट टाकायला लावली आणि वर बसली, चुका काढायला.

पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि खांबाजवळ मोठा चिमटा लावला, म्हणजे तो आत पळणार नाही. आत पळण्याची त्याची ऐपत नव्हती, पण मेकॅनिकने सांगितलं होतं. घमेल्यात कोमट पाणी. पट्टा भिजवून अंगठ्याखाली वीत वीत चोळायचा, पिळायचा नाही. पहिलं पाणी ताकासारखं पांढरं निघालं.

"पिऊन टाक," जाऊ म्हणाली. "ताकद येईन."

दुसरं पाणी गढूळ, तिसरं जरा बरं. पाण्यात मांड दिसेनासा झाला तरी बोटाला लागत होता. सुतातला मांड डोळ्यांनी बघायचा नसतो, तो चिमटीत कळतो. सहाव्या पाण्यानंतर चिमटीत चिकटपणा लागेना, तेव्हा मी थांबले. मग पट्टा सावलीत वाळायला सोडला. उन्हात घालणार होते, जाऊ म्हणाली, "आता ऊन नको दाखवू त्याले. तू दाखवलं तेवढं पुरे झालं." ती बरोबर होती. ते मी तेव्हा बोलले नाही.

शेजाऱ्यांच्या बकरीला वास लागला होता. ती तीनदा आली. जाऊ दुपारभर काठी घेऊन खाटेवर बसली आणि पट्ट्याची राखण केली. जेवणही तिथेच मागवलं. डोळा लागला की बकरी यायची, आणि जाऊ झोपेतच तिच्या आईबापाचा उद्धार करायची.

चार वाजता मी चिमटा काढला. पट्टा सरसर आत गेला आणि हातभर राहिला असताना थांबला.

मुलगी म्हणाली, "राहू दे आई. मागवू नवा." मी पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी तो एकाच जागी अडत होता. पट्टा खराब असता तर कुठेही अडला असता. मागावर धागा एकाच जागी अडला तर दोष धाग्यात नसतो, तो वाटेत असतो. मी वरच्या कडीत बोट घातलं, जिच्यातून पट्टा खांद्यावर उतरतो. आत मांडाची खपली बसली होती, भांड्याच्या बुडाला बसते तशी. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि ओल्या फडक्याने ती काढली. पट्टा एका जागी पिळला गेला होता तोही सपाट केला. मग सोडला.

तो इतक्या जोरात आत गेला की त्याच्या टोकाचा पत्रा खांबावर आपटला.

जाऊला बसवलं. पट्टा तिच्या छातीला चिकटला. मी खांद्याजवळून झटका दिला, तो अडकला. मुलीने गल्लीत गाडी हळू नेली आणि एकदम ब्रेक मारला. जाऊ हलली नाही.

"मारता काय वो मले!" ती ओरडली. "अन् फार घट्ट आहे."

"घट्टच पाहिजे," मी म्हणाले.

"तुले का लागते. तू लावत नाई."

खरं होतं. मागच्या सीटचे पट्टे गाडी घेतल्यापासून सीटकव्हरच्या खाली होते. मागे कोण लावतं, असं मी म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही निघालो. गावाबाहेर तळ्याच्या पाळीवरून रस्ता जातो. एक रानडुकरीण झुडपातून निघाली, मागे तिची पिल्लं. मुलीने एकदा चुकवलं, दुसऱ्यांदा चुकवताना चाक ओल्या कडेवर गेलं. मग जे झालं ते मी सुरुवातीला सांगितलं.

खालच्या बांधीत धानाची रोवणी चालू होती. पंधरा-वीस बाया लुगडी खोचून चिखलात वाकलेल्या, आणि गाडी त्यांच्यापासून दहा हातांवर येऊन पडली. त्या धावत आल्या. धावत म्हणजे चिखलात जितकं धावता येतं तितकं. एकीने दार उघडलं. मुलीने खटका दाबला तो दबेना, कारण जाऊचं सगळं वजन पट्ट्यावर होतं.

"आधी म्हातारीले उचला!" एक दांडगी बाई ओरडली. "वजन घ्या तिचं, मंग दाबा!"

चौघींनी जाऊला काखेतून आणि कमरेतून तोलून धरलं. मग खटका सुटला. त्यांनी तिला पाळीवर नेऊन गवतावर ठेवलं. दोघींनी मला ओढून काढलं, मी लंगडत गेले. जाऊ तशीच. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. दांडग्या बाईने तिच्या छातीला कान लावला.

"जित्ती आहे," ती म्हणाली.

"बाई," मी म्हणाले. "कुठं दुखते? बोल ना वो."

जाऊने एक डोळा उघडला. भोवती उभ्या असलेल्या बाया पाहिल्या. पदर तोंडावर ओढला आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"कवळी पडली माझी," ती पुटपुटली. "आधी शोध."

वीस परक्या बायांसमोर ती दातांशिवाय तोंड उघडणार नव्हती. जीव गेला असता तरी उघडलं नसतं. मी तिला तिथे गवतावर मारलं नाही ते फक्त तिच्या हाडांकडे बघून.

गाडीत पायांखाली चिखलाचं पाणी आलं होतं. एकीने त्यात हात घातला, काहीतरी वर काढलं आणि किंचाळून फेकलं. "दात, वो माय!" दुसरीने ते उचललं, पाटाच्या पाण्यात धुतलं आणि आणून दिलं. जाऊने पाठ फिरवून कवळी बसवली. मग जी बोलायला लागली ती भंडारा येईपर्यंत. रानडुकरीण कशी सरळच चालली होती, मुलीने गाडी कशी उगाच वळवली, आणि माझ्या पट्ट्याने तिच्या छातीवर कशी लाथ मारली. रस्त्याने जाणाऱ्या एका जीपवाल्याने आम्हाला नेलं, तिथेही जाऊ पुढच्या सीटवर.

डॉक्टरांनी तिचे फोटो काढले. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याएवढा निळा वळ आणि एका फासळीला चीर. बाकी पापड शाबूत. ते म्हणाले, पट्टा वीतभर सैल असता तर डोकं काचेवर गेलं असतं आणि मान राहिली नसती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाक मोडलं होतं आणि डावं मनगटही. त्यांनी विचारलं, तुम्ही पट्टा लावला नव्हता का. मी नाही म्हणाले. जाऊ बाजूच्या खाटेवरून म्हणाली, "तिचा धुवायले टाकला होता."

गाडीत आम्ही तिघी होतो. मुलीला खरचटलंही नाही. माझं नाक वाकडं राहिलं. जाऊ एक्याऐंशीची आहे, तिची फासळी दीड महिन्यात जुळली. तिघीही जगलो.